इंदुबाईनं टाकलेली झडप

इंदुबाईला राग यायला कारण लागत नाही, असं तिच्या घरातले म्हणतात. साफ खोटं. कारण आहे, एकच आहे, आणि गेली वीस वर्षं ते तिच्या छातीवर ठाण मांडून बसलंय. ते तोंडावाटे निघत नाही म्हणून बाई बाकी सगळ्यांवर निघते. कोथिंबीर शिळी दिली म्हणून भाजीवाल्यावर, दुसऱ्या मजल्यावर उगाच थांबली म्हणून लिफ्टवर, टीव्हीतली मुलगी हसत हसत पावसाची बातमी देते म्हणून त्या मुलीवर. शांती नगरच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची आजी खाली उतरताना दिसली की वॉचमनसुद्धा खुर्चीवरचे पाय खाली घेतो.

त्यामुळे जुलैत ती पत्रिका आली तेव्हा घरात कुणी घाईघाईनं वाचायला गेलं नाही. शेवटी नात भूमिका, कॉलेजात जाणारी, तिनं धीर केला.

"'आठवणी पाण्याच्या'. सव्वीस जुलैच्या महापुराला वीस वर्षं पूर्ण झाल्यानिमित्त मीरा-भाईंदरच्या जुन्या रहिवाशांचा हृद्य सत्कार. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. नंतर अल्पोपाहार. निमंत्रक, नीलेशशेठ."

"कोन?"

"नीलेशशेठ, आजी. ते बिल्डर नाहीत का..."

"त्यो कोन हाय ते माज्यापुढं नको सांगू. त्याच्या बापाला मी लुंगीवर पायलाय."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते त्या दिवशी भूमिकाला कळलं. ज्या माणसाच्या बापाच्या डंपरांनी खाडीकाठचं सगळं खाजण भराव घालून बुजवलं, तोच आता पुराच्या आठवणी काढायला बोलावत होता. वर अल्पोपाहार देणार होता. इंदुबाईनं पत्रिका हातात घेतली, तिचे दोन तुकडे करायला गेली, पण कागद जाड आणि गुळगुळीत होता, फाटेना. मग तिनं ती चहाच्या कपाखाली दडपली.

तिचा मुलगा धर्मेश आतून बनियनवरच बाहेर आला. "आई, नाटक नको करू. मी हो बोललोय त्यांना. त्यांच्या दोन साईटवर माझं टाइल्सचं काम चालू आहे. जायचं, शाल घ्यायची, दोन शब्द बोलायचे, परत यायचं. गाडी करून देतो."

"मी न्हाय जानार."

"आणखी कोण कोण आहे बघू," भूमिकानं कपाखालची पत्रिका ओढून काढली. "सत्कारमूर्ती, श्रीमती इंदुबाई शिवदास पाटील. श्रीमती वैजयंता सोनकांबळे..."

इंदुबाई उठायला लागली होती, ती परत खाली बसली. मग म्हणाली, "जाईन."

धर्मेशला वाटलं, आपलं म्हणणं पटलं. त्याला नेहमीच असं वाटतं.

खरी गोष्ट अशी होती. सव्वीस जुलैला त्यांच्या जुन्या पाड्याजवळ, खाडीच्या बांधातली पाणी अडवायची झडप बंद झाली म्हणून घरामागच्या तीन खोल्यांच्या चाळीत पाणी कोंडलं आणि वैजयंताची सासू विमलाबाई खोलीत बुडून मेली. झडप शिवदासनं टाकली असं चौकशीत लिहिलं गेलं. अख्ख्या वस्तीनं तेच धरलं. वैजयंतानंही तेच धरलं आणि शिवदासला मरेपर्यंत शिव्याशाप दिले. पण झडप शिवदासनं टाकली नव्हती. त्याच्या बायकोनं टाकली होती. इंदुबाईनं. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं आणि त्यातला एक मेला होता. तिसरा धर्मेश, त्याला बापाच्या तेराव्यानंतर सांगितलं होतं, पण त्यानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, म्हणून तो मोजायचा नाही.

आता एकाहत्तराव्या वर्षी, पायात गोळे येत असताना आणि डॉक्टर मीठ तोडा म्हणून मागे लागलेला असताना, हे पोटात ठेवून मसणात जायचं नाही एवढं इंदुबाईनं ठरवलं. वैजयंता एका मांडवात समोर येतेय, तर तिला सांगायचं. पुढं तिनं तोंडात मारली तरी चालेल.

ती लग्न होऊन या पाड्यावर आली तेव्हा शांती नगर नव्हतं, ना सेक्टर, ना सर्कल. गावापासून खाडीपर्यंत नुसतं खाजण. खाजण म्हणजे खाडीला बांध घालून अडवलेली खारी जमीन. पावसाळ्यात तिच्यात भात व्हायचा, लाल, जाड, पेजेला गोड. पलीकडं मिठागरं होती. आषाढ लागला की उल्हास नदी कल्याणकडून तांबडी होऊन उतरायची, आणि त्याच वेळी समुद्र भाईंदरच्या खाडीतून वर चढायचा. वरून नदी, खालून भरती, डोक्यावर पाऊस. तिघांच्या मधे एक मातीचा बांध आणि त्या बांधाच्या पोटात दगडी मोरी. त्या मोरीला उघाडी म्हणायचे. तिच्या तोंडाला साखळीनं वरखाली होणारी लाकडी झडप. भरती चढायच्या आधी झडप टाकायची म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की उचलायची म्हणजे आत साचलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. दिवसातून दोन वेळा, चारही महिने. हे काम शिवदासच्या घराण्याकडं होतं. पगार नव्हता, मान होता. पाटलाचं घर चुकलं तर गावाचं पीक जळलं, एवढा साधा हिशोब.

घड्याळ लागायचं नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सासूनं तिला चुलीपुढं बसवून हे पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. पुरुषमाणूस बाजाराला जातो, लग्नाला जातो, तापानं पडतो, समुद्र कुणासाठी थांबत नाही, म्हणून घरातल्या बाईला झडप आलीच पाहिजे. इंदुबाईला ती अशी यायची की अमावास्येच्या उधाणात, पदर खोचून, एका हातानं साखळी धरून ती दुसऱ्या हातानं चिंबोऱ्या वेचायची. पूर तिला कधी वैरी वाटला नव्हता. बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं, की आरोळी उठायची आणि घरटी एक माणूस टोपली घेऊन धावायचा. जो येणार नाही त्याच्या दारात वर्षभर कुणी हळदीकुंकवाला जायचं नाही. रात्री सगळे चिखलानं माखून परत यायचे आणि शिव्या देत देत जेवायचे. तो राग वेगळा होता. जेवल्यावर उतरायचा.

मग जमिनी जायला लागल्या. आधी कडेची दोन शेतं गेली, मग मधली. डंपर यायचे, पाडलेल्या घरांचं डेब्रिज ओतायचे, लाल माती पसरायचे, बोर्ड लावायचे. शिवदासनं सगळ्यात शेवटी विकली, हे इंदुबाई अजून अभिमानानं सांगते. शेवटी विकली म्हणजे विकली नाही असं जणू. त्याच पैशातून शांती नगरचा फ्लॅट बुक झाला आणि जुन्या घरामागं, उतारावर, भाड्यानं द्यायला तीन खोल्या उठल्या.

शेतं गेली, झडप मात्र राहिली. तिला कुणी निवृत्त केलं नाही. आत राखायला भात नव्हता, तरी शिवदास तिथी बघून साखळी खाली सोडायचा आणि ओहोटीला उचलायचा. खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, हे त्या घराच्या हाडात होतं. का, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

त्या तीनपैकी शेवटच्या खोलीत वैजयंता राहायला आली. नांदेडकडची, गोदावरीकाठची. नवरा कोंडिराम सिक्युरिटीत, ती स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला, दोन लहान मुलं, आणि अर्ध्या अंगावरून वारं गेलेली सासू विमलाबाई. पहिल्या महिन्यात इंदुबाई तिच्याशी घरमालकिणीसारखी वागली. दुसऱ्या महिन्यात वैजयंतानं शेंगदाण्याची चटणी आणून दिली, इंदुबाईनं बदल्यात सुका जवळा दिला, आणि मग दोघी संध्याकाळी पायरीवर बसून नद्यांवरून भांडायला लागल्या.

"आमची गोदामाय तुमच्या खाडीसारखी दोनदा येजा करत न्हाई, काकी," वैजयंता म्हणायची. "वर्सातून एकदा येती. पण सांगून येती. चार दिस आधी मुंग्या भिंतीवर चढत्यात, पाण्याचा वास बदलतो. येती, बसती, गाळ ठेवून जाती."

"नि तुमी काय करता?"

"काय करणार? खालची आळी आमची. पाणी पयलं बौद्धवाड्यात, मग गावात. आन पाणी उतरलं की तलाठी पयला गावात, मग आमच्यात. नदीला बी म्हाईत आन तलाठ्याला बी म्हाईत, कुठून सुरू करायचं ते." असं म्हणून ती हसायची, पण ते हसणं खरं नसायचं. इंदुबाईला त्या न पाहिलेल्या तलाठ्याचा राग यायचा. "ढकलून द्याचा व्हता गो त्याला नदीत," असं ती मनापासून म्हणायची. आपण वैजयंताला भाड्यानं दिलेली खोलीही सगळ्यात खालचीच आहे, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

सव्वीस जुलैला वद्य षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार. शिवदास तापानं फणफणून माळ्यावर पडला होता. अडीच वाजता इंदुबाई इरलं घेऊन बांधावर गेली आणि नेहमीसारखी झडप टाकून आली. नवऱ्याला पेज पाजली. पाऊस असा कोसळत होता की समोरचं चिंचेचं झाड दिसेना. तरी तिला भीती वाटली नाही. पावसाचं पाणी सहा तास शेतात थांबतं आणि ओहोटीला जातं, हे ती तीस वर्षं बघत आली होती. तिचं सगळं लक्ष बाहेरच्या पाण्यावर. आतल्या पाण्यापासून कधी राखायचं असतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या सहा तासांत पाणी जिथं थांबायचं तिथं आता सात सात मजले उभे होते, हे दिसत होतं रोज, पण कळलं नव्हतं.

चारच्या सुमाराला अंगणात पाणी आलं तेव्हा ती बांधावर धावली. तिथं तिनं जन्मात न पाहिलेली गोष्ट पाहिली. बाहेर खाडी भरलेली होतीच, पण आतलं पाणी तिच्याहून हातभर वर होतं. तिनं साखळीला हात घातला. झडप हलेना. आतल्या पाण्याचा सगळा भार फळीवर बसला होता. तिनं पाय लावून ओढली, तळहाताची सालं निघाली, ओरडली, पण घरटी एक माणूस धावून यायचे दिवस संपले होते, शेजारी कोण राहतं हेच एकमेकांना ठाऊक नव्हतं. ती तासभर साखळी ओढत राहिली. मागच्या खोलीत विमलाबाई खाटेवर आहे, हे तिला माहीत होतं. झडप उघडली की सगळेच वाचतील, असं तिला वाटत होतं. म्हातारीनं हाक मारली होती का, ते ती आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

कारखान्यातून छातीइतक्या पाण्यातून वाट काढत वैजयंता संध्याकाळी पोचली. मुलं शाळेच्या माडीवर सुखरूप होती. सासू खाटेवरच होती आणि खाट पाण्याखाली होती.

आठ दिवसांनी चौकशीला साहेब आले. गमबूट घालून बांधावर उभे राहिले आणि विचारलं, "झडप कोणी बंद केली?" इंदुबाईनं तोंड उघडलं होतं. तिच्या आधी शिवदास म्हणाला, "मी." अजून अंगात ताप होता, आवाजही नीट फुटत नव्हता, पण म्हणाला. साहेबांना तेवढंच हवं होतं. उघाडी अनधिकृतपणे बंद ठेवल्याने पाणी साचले, असा कागद झाला. शेतात कुणी भराव घातला, नाले कुणी बुजवले, परवानगी कुणी दिली, याबद्दल त्या कागदात अवाक्षर नव्हतं. एका चड्डीतल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात शहराचं सगळं पाणी बांधून साहेब जीपमध्ये बसून गेले.

वैजयंता दारात आली ती त्यानंतर. "काका, कोंडून मारलं तुमी माझ्या सासूला," एवढंच म्हणाली, मग मात्र सुरू झाली आणि थांबली नाही. शिवदासनं हात जोडले. इंदुबाई त्याच्या मागं चौकट धरून उभी होती. रात्री तिनं विचारलं, कशाला आपल्यावर घेतलंस. तो म्हणाला, "बाईमानसाला चौकीत न्हेतील. तू गप ऱ्हा." त्यानंतर सात वर्षं जगला. त्याला कुणी लग्नाला बोलावलं नाही, सलूनवाला शेवटी नंबर लावायचा, खेळणारी पोरं 'झडपवाला' म्हणून ओरडायची.

लोक म्हणतील, काय नवरा होता. इंदुबाईला त्याचा संताप येतो. अजून येतो, फोटोला हार घालतानाही येतो. न विचारता माझा गुन्हा उचलून घेऊन गेला हा माणूस. उपकार कसले, माझ्या तोंडाला कुलूप घालून गेला. तो असताना बोलले असते तर तो खोटा पडला असता, आणि तो गेल्यावर बोलायला गेले तर धर्मेश म्हणाला, "आता बोलून काय होणार? केस उघडेल. पप्पा तर गेले." पप्पा गेले म्हणून त्यांचं नाव खराब राहिलेलं चालतं, हे कुठलं गणित, असं तिनं विचारलं नाही. तिलाही तेव्हा ते सोयीचं वाटलं होतं, आणि तिचा राग मुळात स्वतःच्या त्या सोयीचाच होता.

हॉल एसी होता. दारात थर्माकोलची होडी, तिच्यात बसून फोटो काढायची सोय. स्टेजवर पडदाभर ड्रोनमधून काढलेलं शहर. सूत्रसंचालन करणारी संचिता नावाची तरतरीत मुलगी सगळ्यांना 'आपली लाडकी आजी' म्हणत होती. स्टेजवर चार खुर्च्या. एकीवर इंदुबाईला बसवलं आणि शेजारच्या खुर्चीवर वैजयंताला आणलं.

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. वैजयंताचे केस पांढरे झाले होते. तिनं उठायला खुर्चीच्या हातावर हात ठेवला. खाली पहिल्या रांगेत तिची मुलगी मानसी बसली होती, नीलेशशेठच्या ऑफिसात नोकरीला लागलेली. मानसीनं डोळ्यांनीच विनवलं. वैजयंता दात आवळून बसून राहिली. धर्मेशच्या टाइल्स आणि मानसीची नोकरी. या शहरात नको त्या खुर्चीवर माणसाला बसवायला एवढं पुरतं.

आधी नीलेशशेठ बोलले. पंचेचाळिशीचे, गोड आवाजाचे. निसर्गाचा कोप म्हणाले, मुंबईचं स्पिरिट म्हणाले, त्या संकटात जात-धर्म विसरून एका पातेल्यातली खिचडी खाल्ली म्हणाले. टाळ्या पडल्या. निसर्ग बिचारा उत्तर द्यायला हॉलमध्ये नव्हता. मग शाली झाल्या, नारळ झाले, आणि संचितानं माइक इंदुबाईच्या तोंडाजवळ धरला.

"आजी, त्या दिवसाच्या दोन गोड आठवणी सांगा ना!"

"गोड?" इंदुबाई म्हणाली. माइकमधून तो एकच शब्द सगळ्या हॉलभर फिरला. "माज्या हातानं एक बाई मेली. ती सांगू?"

संचिता हसू चेहऱ्यावर तसंच ठेवून थिजली. इंदुबाईनं तिच्या हातातून माइक काढून घेतला आणि मान वळवली. हॉलकडं नाही, शेजारच्या खुर्चीकडं.

"वैजंता, झडप त्यानं न्हाय टाकली. त्यो माळ्यावर तापात पडला व्हता. मी टाकली. माज्या हातानं. मंग उचलाया गेले तर उचलंना. चौकशीत त्यानं आपलं नाव सांगितलं नि मी गप ऱ्हायले. वीस वर्सं गप ऱ्हायले. त्याला तू बोलायचीस ना, ते माजं व्हतं. सगलं माजं व्हतं."

खाली धर्मेश उभा राहिला होता. "आई! काय बोलतेस? बस झालं!" साउंडवाल्याकडं बघून तो हातानं बंद कर, बंद कर अशा खुणा करत होता. साउंडवाला नीलेशशेठकडं बघत होता. नीलेशशेठ अजून हसत होते, कारण त्यांना यात अजून आपलं काही दिसलं नव्हतं.

वैजयंताच्या मांडीवरची शाल घसरून खाली पडली, ती तिनं उचलली नाही.

"काका वारले तवा मी पेढे वाटले होते," ती म्हणाली. माइक नव्हता, तरी पुढच्या रांगांना ऐकू गेलं. "कारखान्यात. पाव किलो आणले होते. आता त्येंची माफी मी कुठं जाऊन मागू, काकी? तुमी सांगा."

इंदुबाईला वाटलं होतं ती तोंडात मारेल. तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

"तुमाला काय, बोलून मोकळं व्हायचंय," वैजयंताचा आवाज आता चढला. "तसं न्हाई जमायचं. मी तुमच्या खोलीत तीन पावसाळे काढलेत. झडप तर तुमी रोज टाकत होता, माझ्या डोळ्यांदेखत. कधी उंबऱ्याला पाणी लागलं न्हाई. त्याच दिवशी कामून लागलं?"

"पाऊस..."

"पाऊस आमच्याकडं बी पडतो! कामून लागलं ते सांगा."

हे उत्तर इंदुबाईकडं तयार होतं. वीस वर्षं घासून धार लावून ठेवलं होतं. ती उठून उभी राहिली आणि तिनं नीलेशशेठकडं बोट दाखवलं. "याच्या बापाच्या डंपरांनी खाजण भरलं. पानी थांबाचं ती जागाच गिळली यांनी. म्हनून लागलं!"

हॉलमध्ये खळबळ झाली. मागून कुणीतरी शिट्टी मारली. नीलेशशेठचं हसू गेलं, आणि ते जाताना बघून इंदुबाईला जे सुख झालं ते तिला किती वर्षांत झालं नव्हतं. ती बसायला वळली.

"डंपर त्येचे," वैजयंता म्हणाली. "जागा कुणाची?"

इंदुबाई अर्धवट वाकलेली तशीच थांबली.

"जागा कुणाची होती, काकी? माझी तर नव्हती. मी भाडं भरत होते."

खालून धर्मेश स्टेजच्या पायरीपर्यंत आला होता. "आई, चल. गाडी लागलीये. एक शब्द बोलू नको." त्याच्या कपाळावर घाम होता. भूमिका त्याच्या मागं उभी होती, तिनं बापाचा दंड धरला होता, पुढं ढकलायला की मागं ओढायला ते कळत नव्हतं.

"आमची," इंदुबाई म्हणाली.

"मोठ्यानं बोला. इतका वेळ मोठ्यानं बोलत होता."

"आमची व्हती. शेवटचं शेत आमचंच व्हतं. ते ऱ्हायलं असतं तर थोडं तरी पानी..." सातबाऱ्यावर दोघांची नावं होती. त्या दिवशी कचेरीत शिवदास पेन हातात घेऊन बसून राहिला होता. त्याच्या हातून सही होईना. तेव्हा तिनंच त्याच्या हातातलं पेन घेतलं, आधी आपली केली, आणि म्हणाली, कर आता, सगळ्यांनी केल्यात. पोराला फ्लॅट पाहिजे. हे तिनं आजपर्यंत स्वतःलासुद्धा या शब्दांत सांगितलं नव्हतं.

वैजयंतानं तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात माया नव्हती, दया नव्हती. "बसू नका," ती म्हणाली. "उभं ऱ्हा. कुणी कुणी विकली, कुणी भरली, कुणी सह्या केल्या, तुमाला समदं म्हाईत हाय. माझी सासू मेली, मला नावं कळली पायजेत. मी बसले हितं. घाई न्हाई मला."

आणि ती खुर्चीत मागं टेकून खरंच बसली.

संचिता हळूच माइककडं हात पुढं करत होती. इंदुबाईनं तो छातीशी ओढून घेतला. धर्मेश आता तिच्या साडीचा पदर धरून हलक्या आवाजात विनवत होता, आई, माझं काम जाईल, आई, ऐक ना. तिनं पदर सोडवून घेतला आणि कमरेला खोचला. मग तिनं सांगायला सुरुवात केली, सर्व्हे नंबर, साल आणि माणूस, एकेक करून, आणि पहिलं नाव तिनं स्वतःचं घेतलं.